कृष्णाच्या गाण्यातला ज्युडास

गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गागोद्यात हंडी फुटते. ठाण्या-दादरसारखे नऊ थर नसतात. चार लागले तरी म्हाताऱ्या बायका डोळ्यांवर हात घेतात. पाऊस ठरलेला. टेम्पोत दोन मोठे स्पीकर, त्यांवर निळं प्लास्टिक, आणि गाण्यांचा कारभार माझ्या चुलतभावाकडे. त्याचा पेनड्राइव्ह गेली सहा-सात वर्षं बदललेला नाही, त्यामुळे कुठल्या गाण्यानंतर कुठलं येणार हे पोरांना पाठ आहे. चौथा थर लागायच्या बेतात असला की तो न चुकता एकच गाणं लावतो : 'कृष्णा धरती पे आजा तू'.

'डिस्को डान्सर'मधलं. तुम्हीही ऐकलंच असेल, निदान कुठल्या तरी रीलच्या मागे.

गेल्या वर्षी मी खाली चिखलात उभा होतो आणि पहिल्यांदाच मला त्यातला आवाज नीट ऐकू आला. म्हणजे ताल नाही, सिंथेसायझर नाही, गाणारा माणूस. हा डिस्कोचा आवाज नव्हता. डिस्कोत गाणारा तालावर आरामात बसलेला असतो. हा माणूस तालाला ढकलत होता, वरच्या पट्टीत जाऊन तिथे आवाज मुद्दाम खरवडत होता. मी कॉलेजात चार वर्षं बँडमध्ये गायलो आहे, इंजिनिअरिंगची सबमिशन्स सांभाळून जमेल तेवढं. असा खरवडा कुठून येतो हे मला माहीत आहे. तो ब्लूजमधून येतो.

"हे कोण गातंय रे?" मी भावाला ओरडून विचारलं.

"दादा, बप्पीदाच असणार ना."

बप्पी लाहिरी नव्हते. मी फोन काढला. आमच्याकडे नेटवर्क विहिरीजवळच्या कट्ट्यावरच नीट मिळतं, तिथे गेलो. गायकाच्या नावापुढे लिहिलं होतं : नंदू भेंडे. संध्याकाळी घरी सहज हे नाव काढलं तर काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "भेंडे? आत्माराम भेंड्यांचा मुलगा तो."

आत्माराम भेंडे मला माहीत होते. आपल्या आधीच्या दोन पिढ्या त्यांच्या फार्सवर लोळून हसल्या आहेत. बबन प्रभूंचं 'झोपी गेलेला जागा झाला', 'दिनूच्या सासूबाई राधाबाई'. पण त्या घरातला मुलगा रॉक गायचा, आणि नुसता हौशी नव्हे, सत्तरच्या दशकातल्या मुंबईत ज्याचं नाव पहिल्या पाच-सहांत घेतलं जायचं असा गायचा, हे मला सांगणारं कोणी भेटलं नव्हतं. रॉबर्ट प्लांटच्या आजोळची माहितीसुद्धा मी विकीपीडियावर वाचलेली. नंदू भेंडे हे नाव मात्र वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, हंडीच्या चिखलात.

*

हा माणूस समजून घ्यायचा तर सुरुवात आईकडून करावी लागते, आणि ती वाट थेट आमच्या जिल्ह्यात येते.

नंदूची आई डॉ. आशा भेंडे. रंगभूमीवरच्या अभिनेत्री, आणि त्याच वेळी लोकसंख्याशास्त्राच्या अभ्यासक. तारा कानिटकरांबरोबर त्यांनी लिहिलेलं लोकसंख्याशास्त्राचं पाठ्यपुस्तक त्या विषयाच्या विद्यार्थ्यांना आजही टाळता येत नाही. लग्नाआधीचं त्यांचं नाव लिली इझिकेल. भाऊ निस्सिम इझिकेल, भारतीय इंग्रजी कवितेतला पहिल्या ओळीतला कवी, साहित्य अकादमी पुरस्काराचा मानकरी. विंचू चावलेल्या आईवरची त्यांची कविता अनेकांनी शाळा-कॉलेजच्या इंग्रजीच्या पुस्तकात वाचली असेल. पाऊस, अंधारं घर, कंदील घेऊन आलेले शेजारी, मंत्र पुटपुटणारा मांत्रिक. मी ती वाचली तेव्हा मला वाटलेलं, हा माणूस गागोद्याला येऊन गेला असणार.

इझिकेल घराणं बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी कथा अशी की पूर्वज गलबतातून येत असताना अलिबागच्या उत्तरेला नवगावजवळ गलबत फुटलं आणि सात जोडपी तेवढी वाचली. ती इथेच राहिली, तेलाचा घाणा चालवू लागली, शनिवारी काम करीनात म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. आडनावं गावांवरून : पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर, दिवेकर. अलिबागला आजही इस्रायल आळी आहे आणि पेणमध्ये त्यांचं जुनं सिनेगॉग उभं आहे. घरात बोलायची भाषा मराठी. एकोणिसाव्या शतकात तर या मंडळींनी बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनं रचली. आपल्या हरिदासी कीर्तनाचाच घाट, साकी, दिंडी, ओवी सगळं, फक्त आख्यान मोशेचं किंवा योसेफाचं.

हे मी मुद्दाम सविस्तर सांगतोय. परकी गोष्ट आपल्या गळ्यात कशी उतरवायची, याची या लोकांना जुनी सवय होती. आणि नंदू भेंडेची सगळी गोष्ट म्हणजे त्याच एका प्रश्नाभोवती घातलेली फेरी आहे.

एक मामा इंग्रजीत कविता लिहिणारा. बाप मराठी रंगभूमीवर धमाल उडवणारा. आई दोन्ही भाषांत वावरणारी. अशा घरात साठच्या दशकात एक मुलगा वाढतो आणि रेडिओ ऐकतो.

*

तो काळ आपल्याला आता कल्पनेनंच उभा करावा लागतो. स्पॉटिफाय सोडा, रेकॉर्ड मिळणंही मुश्कील. आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीताला थोडासा वेळ, म्हणून मुलं रेडिओ सिलोन लावायची. कलकत्त्याहून 'ज्युनिअर स्टेट्समन' नावाचं साप्ताहिक यायचं, सगळे त्याला 'जेएस' म्हणत. त्यात पोस्टर, गाण्यांचे शब्द, बँडच्या बातम्या. परदेशातून कोणाचा काका एखादी एलपी घेऊन आला की ती घरोघर फिरायची आणि सुई लावून लावून पांढरी व्हायची. गाणं बसवायचं म्हणजे तोच तुकडा पन्नास वेळा मागे घेऊन ऐकायचा. आयातीवर एवढे निर्बंध की चांगली इलेक्ट्रिक गिटार हातात येणं ही अप्रूपाची गोष्ट. अँप्लिफायर लोक घरी बनवायचे किंवा बनवून घ्यायचे.

तरीही बँड निघाले, आणि ढिगाने निघाले. एका सिगारेट कंपनीने सिमला या आपल्या ब्रँडच्या नावाने 'सिमला बीट' स्पर्धा भरवली. देशभरातून बँड यायचे आणि १९७० व १९७१ साली निवडक बँडच्या एलपीसुद्धा निघाल्या. शिलाँग, मद्रास, अहमदाबाद, कुठून कुठून आलेली मुलं त्यांत आहेत. १९७१ साली लोणावळ्याजवळ मळवलीला 'स्नेहयात्रा' नावाचा मोकळ्या आकाशाखालचा संगीत महोत्सव झाला. आपण लोहगड-भाज्याला जाताना ज्या मळवली स्टेशनावर वडापाव खातो, तेच मळवली. १९७२ साली लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले आणि कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' नावाच्या छोट्याशा डिस्कोथेकमध्ये इथल्या पोरांची वाद्यं घेऊन वाजवून गेले. त्या काळच्या मुंबईत रॉक ऐकणाऱ्यांत ही दंतकथा आहे, फरक एवढाच की ती खरी आहे.

नंदू भेंडे या गर्दीत आधी 'सॅव्हेज एन्काउंटर' आणि मग 'व्हेल्वेट फॉग' या बँडचा मुख्य गायक होता. गाणी इंग्रजी. ती लोकांची गाणी, आपण 'कव्हर' म्हणतो ती. यावर नाक मुरडणं सोपं आहे. मीसुद्धा मुरडलं असतं, पण मी स्वतः चार वर्षं हेच केलंय, आणि तेही यूट्यूबवर शंभर ट्यूटोरियल हाताशी असताना. या मुलांनी फक्त कानाने केलं.

एक गोष्ट मात्र खुपते. हे सगळं कुलाबा, चर्चगेट, वांद्रे इथे चालू होतं. तिथून सात-आठ किलोमीटरवर गिरणगाव. तिथे माझे आजोबा होते, सांच्यावर. त्यांच्या चाळीत भजन, शाहिरी, लोकनाट्य, गणपतीतले मेळे. तेही मोठ्या आवाजात, घामाघूम होऊन, रात्र रात्र. या दोन मुंबया एकमेकींच्या आवाजाच्या टप्प्यात होत्या, पण एकीला दुसरी ऐकू गेली नाही.

गंमत अशी की दोन्हींच्या मुळाशी कापूसच आहे. ब्लूज जन्मला तो अमेरिकेच्या दक्षिणेत, कापसाच्या शेतांत राबणाऱ्या काळ्या माणसांच्या गाण्यातून. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. जात्यावर बसलेल्या बाईला हे समजावून सांगावं लागलं नसतं. आणि त्याच दक्षिणेतला कापूस १८६१ ते १८६५च्या यादवी युद्धात बाजारात येईनासा झाला, तेव्हा मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांकडे पैशाचा पूर आला. गिरणगाव ज्या शहरात पुढे फोफावलं ते शहर त्या पैशाने बरंचसं उभं राहिलं.

*

१९७४ साली अलेक पदमसींनी मुंबईत 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' उभं केलं आणि ज्युडासच्या भूमिकेसाठी नंदू भेंडेला घेतलं.

'सुपरस्टार' म्हणजे अँड्र्यू लॉइड वेबर आणि टिम राइस या दोन तरुण इंग्रजांचा रॉक ऑपेरा. आधी १९७० साली रेकॉर्ड म्हणून आला, मग ब्रॉडवेवर गेला. येशूच्या शेवटच्या दिवसांची गोष्ट, पण सांगणारा डोळा ज्युडासचा. दगाबाज ज्युडास. तो इथे दुष्ट नाही. तो काळजीत पडलेला कार्यकर्ता आहे. चळवळ माणसापेक्षा मोठी असायला हवी होती, आता लोक माणसालाच देव करायला लागलेत, हे सगळ्यांच्या अंगाशी येणार, असं तो पहिल्याच गाण्यात सांगतो. (येशू आणि ज्युडास दोघंही यहुदीच होते, हे त्या सगळ्या गिटारींच्या कल्लोळात विसरायला होतं. बेने इस्राएल आईच्या मुलाला ते आठवलं असेल का, असं मला वाटत राहतं.)

गायकाच्या दृष्टीने ही भूमिका म्हणजे फाशी आहे. पडदा उघडला की पहिलं मोठं गाणं ज्युडासचं, तेही अर्ध्या बोलण्यातून सुरू होऊन थेट किंकाळीपर्यंत जाणारं. शेवटचं शीर्षकगीतही त्याचंच. मधे पश्चात्ताप, संताप, आत्महत्या. आणि हे सगळं रोज संध्याकाळी, वाद्यांच्या भिंतीसमोर उभं राहून. मी कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ते पहिलं गाणं एकदा म्हणायला गेलो. तालमीत बरं झालं. स्टेजवर दुसऱ्या कडव्यात आवाज फाटला आणि पुढचे तीन दिवस मी मेसमध्ये खुणा करून पोळ्या मागत होतो. तेव्हा मला माहीत नव्हतं की आपल्याच मुंबईत एका भेंड्यांनी हे पेललं होतं.

इथे मला माझं मत मांडू द्या. आपल्याकडे असं मानतात की रॉकचा तो ओरडा आपल्या गळ्याला परका आहे. आपलं गाणं म्हणजे मींड, हरकत, भावगीतातला मऊ सूर. हे अर्धंच खरं आहे. पोवाडा म्हणणारा शाहीर कुठल्या पट्टीत उभा राहतो ते ऐका. झीलकऱ्यांची 'जी जी रं जी' ऐका. तमाशाच्या फडात माइक नसतानाच्या काळात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणाऱ्या बायका ऐका. फाटायच्या अगदी कडेवर नेलेला आवाज आपल्याकडे शेकडो वर्षं आहे. गळा होता. इलेक्ट्रिक गिटार आली. दोघांची गाठ घालून देणारा कोणी हवा होता.

*

तो मिळाला, आणि तो मिळाला पु. ल. देशपांड्यांच्या रूपाने. रॉकच्या इतिहासात पु. ल. हे नाव यावं याचं मला अजून हसू येतं.

ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांचा 'थ्री पेनी ऑपेरा' बर्लिनला १९२८ साली आला. तोही मूळचा नव्हे. बरोबर दोनशे वर्षांपूर्वी, १७२८ साली, लंडनमध्ये जॉन गेने 'बेगर्स ऑपेरा' लिहिला होता, त्यावरून उचललेला. चोर, दरोडेखोर, भिकाऱ्यांचा धंदा चालवणारा शेठ, लाच खाणारा पोलीस, वेश्या. आणि या सगळ्यांच्या तोंडी बाजारातली, दारूच्या गुत्त्यातली गाणी. पु.लं.नी १९७८ साली त्याचा 'तीन पैशाचा तमाशा' केला. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संस्था पुण्याची थिएटर अकॅडमी, म्हणजे 'घाशीराम कोतवाल'वाली मंडळी. आणि त्यात गायला नंदू भेंडे.

या नाटकाची मजा अशी होती की त्यात एकाच रंगमंचावर नाट्यसंगीत होतं, लावणी होती आणि पाश्चात्त्य पॉप-रॉकही होतं. कुठलंही पाहुणं म्हणून आलेलं नव्हतं. वाइलने बर्लिनच्या गुत्त्यातलं संगीत घेतलं, तर आपल्याकडचा गुत्ता कुठला, असा प्रश्न या लोकांनी विचारला आणि उत्तर एक न देता तीन-चार दिली. जॅझ-ब्लूज ऐकून तयार झालेला वाइलचा बाज, तमाशाचा सूत्रधार आणि शिवाजी पार्कच्या परिसरातल्या मध्यमवर्गाला धक्का देईल अशी भाषा. आणि त्याच्या मधोमध, इंग्रजीत रॉक गाऊन तयार झालेला एक मराठी गळा मराठी शब्द म्हणतोय.

माझ्या दृष्टीने नंदू भेंडेच्या आयुष्यातलं हे सगळ्यात महत्त्वाचं काम. 'सुपरस्टार'पेक्षाही. 'सुपरस्टार'मध्ये त्याने दाखवलं की आम्हालाही तुमच्यासारखं गाता येतं. 'तमाशा'त पहिल्यांदा असं दिसलं की हा गळा आपलं काही बोलू शकतो.

गागोद्याच्या माणसाला इथे विनोबा आठवल्याशिवाय राहत नाहीत, ही आमची खोड आहे. ११ सप्टेंबर १८९५ला ते आमच्या गावात जन्मले. त्यांचं घर बघायला अजून लोक गाड्या घेऊन येतात आणि आम्ही लहानपणी त्यांना रस्ता दाखवून खाऊचे पैसे मिळवायचो. त्यांच्या आईला संस्कृत गीता कळेना. मराठीत आणून दिलेली गीताही तिला अवघड वाटली. ती मुलाला म्हणाली, मग तूच कर की मराठीत. तो मुलगा काशी, साबरमती, वर्धा फिरला, आई १९१८ साली गेली, आणि मग कुठे 'गीताई' झाली. नावातच आई आहे. एखादी मोठी गोष्ट आपल्या भाषेत यायची तर नुसतं भाषांतर पुरत नाही, कोणीतरी मागणारं लागतं. "मला कळेल असं सांग" म्हणणारं.

'तीन पैशाचा तमाशा' पाहून किती जण नंदू भेंडेला म्हणाले असतील, आता असाच अख्खा रॉक मराठीत कर? त्या मागणीतून उभी राहिलेली मराठी रॉकची परंपरा काही आपल्याला दिसत नाही. मराठी प्रेक्षक नाटक म्हणून टाळ्या वाजवून घरी गेला. रॉकच्या प्रेक्षकाला मराठी नकोच होतं. रेकॉर्ड कंपन्यांना तर सिनेमाशिवाय दुसरं काही सुचतच नव्हतं.

*

आणि तेवढ्यात डिस्को आला.

सत्तरचं दशक संपता संपता हॉटेलवाल्यांच्या लक्षात आलं की पाच माणसांचा बँड पोसण्यापेक्षा एक टर्नटेबल आणि एक डीजे स्वस्त पडतो. बँडचा पोटापाण्याचा आधार हॉटेलं आणि क्लब हाच होता. तो गेला. 'अटॉमिक फॉरेस्ट'सारख्या बँडची एकुलती एक एलपी निघाली तोवर त्यांचा जमाना संपत आला होता. काही जण परदेशी गेले, काही जाहिरातींच्या जिंगल्समध्ये, काही सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात. माझ्या क्षेत्रात याला आपण शांतपणे 'टेक्नॉलॉजी बदलली' म्हणतो. ज्याची नोकरी जाते तो असं म्हणत नाही.

१९८२ हे साल मी वहीत वेगळं लिहून ठेवलंय. १८ जानेवारीला गिरणी संप सुरू झाला. आजोबा काही महिन्यांनी वळकटी घेऊन गागोद्याला परतले ते कायमचे. १५ नोव्हेंबरला पवनारला विनोबा गेले. गावात त्या दिवशी चुली पेटल्या नव्हत्या असं आजी सांगते. आणि डिसेंबरात 'डिस्को डान्सर' लागला. आमच्या घरात या तिन्ही बातम्या एकाच हिवाळ्याच्या म्हणून लक्षात आहेत.

'डिस्को डान्सर'मध्ये एक ना अनेक गायक आहेत : विजय बेनेडिक्ट, पार्वती खान, उषा उथुप, सुरेश वाडकर, खुद्द बप्पी लाहिरी. आणि एका गाण्यासाठी नंदू भेंडे. ज्या डिस्कोने बँड बंद पाडले त्या डिस्कोच्याच सिनेमात बँडचा गायक. याला तुम्ही तडजोड म्हणा. मला ती तडजोड वाटत नाही. गाणं ऐकलंत तर कळेल की तो स्वतःचा आवाज घेऊनच तिथे गेलाय.

आता त्या गाण्याची चाल. 'टीलमन ब्रदर्स' नावाचा एक बँड होता. इंडोनेशियातून नेदरलँड्सला गेलेल्या भावांचा, युरोपातल्या रॉक अँड रोलच्या सुरुवातीच्या दमदार बँडपैकी एक. त्यांचं एक गाणं होतं, 'जीझस'. येशूला हाक मारणारं. बप्पीदांनी ती चाल उचलली आणि येशूच्या जागी कृष्ण आला.

म्हणजे बघा. १९७४ साली जो ज्युडास बनून येशूला रोज रात्री जाब विचारत होता, त्याला आठ वर्षांनी येशूच्याच हाकेच्या चालीवर कृष्णाला हाक मारायला बोलावलं. तिथे तो हसला असेल की नाही देव जाणे. मी त्या कट्ट्यावर बसून मात्र खूप हसलो. मग बेने इस्राएलांची ती मराठी कीर्तनं आठवली. तिथे आपला कृष्णकथेचा साचा घेऊन मोशेची कथा सांगितली, इथे येशूचा साचा घेऊन कृष्णाची. चाल फिरत राहते, देव बदलतात. शुद्धाशुद्धतेची काळजी करणाऱ्यांनी कोकणात राहू नये.

सिनेमा सोव्हिएत संघात गेला आणि तिथे कोट्यवधी लोकांनी पाहिला. मॉस्को, ताश्कंद, अल्माटी. मुंबईच्या रॉक गायकांपैकी एवढ्या मोठ्या जनतेपर्यंत पोचलेला आवाज क्वचितच दुसरा असेल. फक्त पोस्टरवर मिथुन होता, आणि आवाजाखाली नाव नव्हतं.

*

पुढची वर्षं मी पटकन सांगतो, कारण ती कोणत्याही मुंबईतल्या संगीतकाराची असतात तशी आहेत. टीव्ही आला, मालिका आल्या, त्यांना संगीत लागू लागलं, नंदू भेंडेने ते केलं. जुन्या रॉकचे कार्यक्रम अधूनमधून व्हायचे, तिथे तो गायचा. पन्नाशी उलटल्यावरही तो आवाज टिकून होता, असं त्याला ऐकलेले लोक सांगतात. २०१४ साली सत्तरच्या दशकातल्या भारतीय रॉकवर सिद्धार्थ भाटियांचं पुस्तक आलं, 'इंडिया सायकेडेलिक'. त्या पिढीची आठवण नीट बांधून ठेवणारं. त्याच वर्षी ११ एप्रिलला नंदू भेंडे गेला. वय साठीच्या आसपास.

आत्माराम भेंडे तेव्हा नव्वद पार केलेले होते. महाराष्ट्राला पोट धरून हसवलेला बाप मुलाच्या मागे जेमतेम दहा महिने राहिला. ७ फेब्रुवारी २०१५ला तेही गेले. वडिलांच्या बातम्यांना मराठी वर्तमानपत्रांनी भरभरून जागा दिली आणि ते योग्यच होतं. मी मागाहून दोघांच्याही बातम्या शोधून वाचल्या. मुलासाठी मराठीपेक्षा इंग्रजीत जास्त लिहून आलेलं मला सापडलं. त्यात कोणाचा दोष काढावा कळत नाही. ज्या भाषेत तो जास्त गायला, त्या भाषेने त्याला जास्त आठवलं.

आमचा कॉलेजचा बँड थर्ड इयरला मोडला. शेवटच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ मी आजीला दाखवला होता. इंग्रजी गाणं, मी डोळे मिटून किंचाळतोय. तिने पूर्ण बघितला. मग विचारलं, "एवढं काय दुखतंय रे तुला? मराठीत सांग की." मी फोन खिशात घातला. मराठीत सांगण्यासारखं काही मला तेव्हा सुचलं नव्हतं. पुण्याला आल्यावर गिटारच्या तारा गंजल्या, मी कोड लिहितो आणि महिन्यातून एकदा गावी येतो.

तर त्या गोकुळाष्टमीला रात्री मी आजीला हे सगळं सांगितलं. भेंड्यांचा मुलगा, पेणकर-रोहेकर आडनावाचे यहुदी, येशू, ज्युडास, पु. ल. ती पु.लं.च्या नावाला हसली. बाकी शांतपणे ऐकत होती, वाटाणे सोलता सोलता.

"म्हणजे येशूचं होतं ते ह्यांनी कृष्णाचं केलं?"

"हो."

"चांगलं केलं. मग ते चोराचं नाटक, मराठीतलं, त्यातलं त्याचं गाणं लाव बघू."

मी विहिरीजवळ गेलो. पाऊस भुरभुरत होता. बराच वेळ शोधलं. 'डिस्को डान्सर' ढीगभर होता, रिमिक्स होते, रशियन मुलं नाचत होती. मराठी रेकॉर्डिंग काही हाताला लागेना. परत आलो तर ती जागीच होती.

"नाही मिळत आजी."

"बरं," ती म्हणाली. "मग तू म्हण."